लोरेताच्या घराचा क्रम

हमरून, १४ एप्रिल

प्रिय लोरेता मावशीआजी,

परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलीस, मी तुझ्यावर ओरडले आणि दोघींनी एकदमच फोन आपटला. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

होय, मी गावच्या कौन्सिलला उभी राहतेय. होय, अपक्ष. नाही, मला वेड लागलेलं नाही, आणि 'त्यांनी' मला फूसही लावलेली नाही. आपल्याकडे मूल बाप्तिस्म्याच्या आधीच कुठल्यातरी पक्षाचं झालेलं असतं. एक 'आपले', एक 'ते'. तिसरं कुणी दिसलं की दोन्हीकडचे विचारतात, हिला पाठवलं कुणी? मला कुणी पाठवलं नाही गं. मला राग आलाय, बस्स.

फेब्रुवारीत काय झालं ते तुला माहीत आहे. वीस वर्षं ज्यांचं रस्त्यावरच्या दिव्यांच्या रंगावरून जमत नव्हतं, त्या कौन्सिलच्या पाचही जणांनी झऱ्याकाठच्या शेतांत चार मजली इमारती बांधायला पाच मिनिटांत हात वर केले. तीन आपले, दोन त्यांचे. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. नंतर सगळे एकाच टेबलावर कॉफी पीत बसले, आणि त्यांचा लिप्पू खाटीक आपल्या विस्टिनला म्हणतो कसा, "पुढच्या आठवड्यात जरा भांडू हं, लोकांना संशय नको!" आणि खिदळले सगळे.

कोलिनाआजी 'त्यांच्यात' लग्न करून गेली म्हणून तुमचे वडील तिच्या लग्नाला आले नाहीत. तुम्ही सख्ख्या बहिणी, एकाच गल्लीत राहून अकरा वर्षं एकमेकींचा उंबरा ओलांडला नाहीत. कुणासाठी? या कॉफी पिणाऱ्यांसाठी?

मतपत्रिकेवर नऊ नावं असतील. चार आपली, चार त्यांची, नववी मी. पसंतीप्रमाणे आकडे टाकायचे असतात हे तुला मी सांगायला नको. तुझा एक नंबर मला दे. एकदाच. रविवारी बोटीने तुमच्या बेटावर, गोझोला येतेय, समोर बसून मागते.

तुझी,
एलेनिया


गोझो, २२ एप्रिल

एलेनिया,

रविवारी मी दार उघडलं नाही म्हणून रुसली असशील. रूस खुशाल. मी आत खिडकीमागेच उभी होते. माझ्या दारासमोर पक्षाच्या क्लबची गच्ची आहे, हे विसरलीस होय गं? विस्टिन आणि त्याचे चार रिकामटेकडे तिथे सकाळपासून ठाण मांडून असतात. तू तीनदा बेल वाजवलीस, त्यांनी तीनदा माना वळवल्या. निवडणूक होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. काय ते पत्रातून.

आणि मला शिकवायला जाऊ नकोस. तू एकोणतीस, मी चौऱ्याहत्तर. मत म्हणजे काय ते तू पुस्तकात वाचलंस, मी साव्हेरच्या पाठीवर बघितलंय. खाणीत दगड पडला तेव्हा आठ महिने माझं पोर पालथं पडून होतं. विचारायला कोण आलं? विस्टिन आला. सरकारी बागेत राखणदाराची जागा लावून दिली. झाडांना पाणी घालायचं, दार उघडायचं, दार लावायचं. पण नेमणुकीचा कागद एका वर्षाचा. दर जूनमध्ये नवा. सात वर्षं झाली, कायम करत नाहीत. का करतील? कायम केलं तर मी त्यांना दारात उभं करेन का?

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते, म्हणजे एकदाचं तोंड बंद होईल. "मत गुप्त असतं" म्हणालीस ना फोनवर? अगं खुळे! उपकाराखालच्या प्रत्येक घराला आकड्यांचा क्रम ठरवून दिलेला असतो. मोजणीच्या वेळी काचेपलीकडे विस्टिनची माणसं चष्मे लावून, वह्या घेऊन बसतात. एकेक मतपत्रिका उलगडते तशी त्यांना दिसते. सगळ्यांनीच आपल्या चौघांना एक, दोन, तीन, चार केलं तर कुणाचं कोणतं ते कसं कळायचं? म्हणून मध्ये पलीकडची नावं पेरायची. दर घराची पेरणी वेगळी. माझी या वेळची अशी. एक नंबर कर्ट, म्हणजे विस्टिनचा पोरगा, पहिल्यांदाच उभा आहे. दोन नंबर पलीकडचा लिप्पू खाटीक. तीन आपली डोरिस. चार पलीकडची डॉक्टरची बायको. पुढे कोरं. असा क्रम गावात दुसऱ्या कुणाचाच नाही. तो वहीत उतरला की जूनमध्ये साव्हेरचा कागद येतो.

विस्टिन लिहून काही देत नाही, तेवढा शहाणा आहे. दारात येतो आणि आपल्याकडून म्हणवून घेतो, धर्मशिकवणीच्या वर्गात घ्यायचे तसं. त्याचा बाप माझ्या बापाकडून म्हणवून घ्यायचा. मी हल्ली विसरते, म्हणून इथे लिहिलं. वाचून झालं की जाळून टाक.

कळलं आता? तू जे मागतेस ते माझ्याकडे नाहीच आहे.

चीजच्या छोट्या वड्या वाळत घातल्यात, बोटीवर कुणाबरोबर तरी पाठवते. खात जा जरा. खिडकीतून बघितलं तर नुसती हाडं.

लोरेता


हमरून, २७ एप्रिल

मावशीआजी,

जाळलं नाही. चारदा वाचलं. तू हे असं लिहिलंयस, जणू सशाचा रस्सा कसा करायचा ते सांगतेयस! एवढं मीठ, एवढी वाइन, मध्ये एक खाटीक, वर डॉक्टरची बायको. अगं, हा दरोडा आहे! माणसाकडे मतपेटीपुढे एकटं उभं राहायचं एक मिनिट असतं, तेवढंही यांनी सोडलं नाही. मी गेल्या महिन्यात वर्गात मुलांना फळ्यावर लिहून दिलं, "मतदान गुप्त असते." बारा वर्षांची पोरं. त्यातलं एक गोझोचं आहे, ते गालात हसलं. का हसलं ते मला आता कळतंय.

आपण पोलिसांत जाऊ. मी येते तुझ्याबरोबर.

तुझाही राग येतो गं मला. तुझ्या बापाने क्रम म्हटला, तू म्हटलास, साव्हेरमामा म्हणतोच आहे. तीस वर्षांनी कर्टचा पोरगा माझ्या दारात येईल आणि माझ्या मुलीला म्हणेल, चल, म्हण. कुठेतरी कुणीतरी एकदा "नाही म्हणत" असं म्हणायला नको का? पण मग साव्हेरमामाची पाठ आठवते आणि माझंच तोंड बंद होतं.

म्हणून मी माझं मागणं मागे घेते. तुझा एक नंबर मला नको. ज्या मतासाठी घरातला माणूस पणाला लावावा लागतो ते मत मागायला मी कोण?

चीजच्या वड्या मिळाल्या. उभ्याउभ्याच संपवल्या.

एलेनिया


गोझो, २० मे

एलेनिया,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

आधी तुझ्या पोलिसांचं. सार्जंटला स्वतःचाच क्रम आहे, त्याच्या बायकोने मला पावाच्या दुकानात सांगितला. त्याची डोरिस पहिली. जा आता तक्रार घेऊन!

आणि ऐक. मागच्या भिंतीपलीकडची जोर्जा तुला माहीत आहे, पक्की 'त्यांची'. पन्नास वर्षं आम्ही कपडे वाळत घालताना एकमेकींना हिणवत आलोय. ती मला म्हणायची विकलेली, मी तिला म्हणायची आंधळी. परवा मी सहज भिंतीवरून विचारलं, "जोर्जा, तुला कुणी क्रम दिलाय का गं?" तिचा चेहरा उतरला. तिलाही आहे. लिप्पू देतो. तिच्या नातवाच्या दुकानाचा परवाना अडकलाय. तिच्या क्रमात दोन नंबरला आपली डोरिस! म्हणजे आम्ही पन्नास वर्षं भांडलो आणि हे मधल्या मध्ये आमची नावं वाटून घेत होते. मी आणि जोर्जा चादरी हातात धरून उभ्या राहिलो आणि दोघींनी मिळून ज्या शिव्या दिल्यात, त्या मी कागदावर लिहिणार नाही. पाद्रीसाहेबांना सांगाव्या लागतील.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या सोमवारी विस्टिन पोराला घेऊन दारात आला. हा कर्ट, सव्वीस वर्षांचा, तोंडात काहीतरी चघळतोय, डोळे फोनवर. "म्हणा आजी," म्हणाला. मी म्हटलं. तीन आणि चार उलटं झालं माझं. तो हसला. "पुन्हा." पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. साव्हेर मागे उभा होता, कामावरून नुकताच आलेला. तर हा पोरटा त्याला म्हणतो, "साव्हेर, आईकडून पाठ करून घे रे. नाहीतर बागेला पाणी घालायला दुसरा बघावा लागेल." आणि माझा एक्केचाळीस वर्षांचा पोरगा त्याला म्हणाला, "हो साहेब, घेतो करून."

साहेब! मी या कर्टचे लंगोट बदललेत गं. त्याची आई आजारी होती तेव्हा.

ते गेल्यावर साव्हेर खरंच खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "चल आई, म्हणू या." आम्ही दोघं म्हणत बसलो. सातव्यांदा मला बरोबर आलं, आणि त्याने माझ्या हातावर थोपटलं. त्या थोपटण्याने माझ्या काळजाला जे झालं ते दगड पडला तेव्हाही झालं नव्हतं.

तर माझं ठरलं. तुझ्या नावापुढे एक. बाकी कोरं. साव्हेरला सांगितलेलं नाही. त्याचा कागद जाईल हे मला समजतंय. तो माझ्याशी बोलणार नाही हेही समजतंय. तू मागितलं नाहीस, मी देतेय. आता यावर पत्र लिहून डोकं खाऊ नकोस.

लोरेता


हमरून, २४ मे

मावशीआजी,

नको म्हणणार होते. मग वाटलं, सगळे तुला काय करायचं तेच सांगत आलेत, त्यात माझी भर कशाला?

तू जा आणि हवं ते लिही. साव्हेरमामाची काळजी करू नकोस. त्याचा कागद येईल. कसा ते विचारू नकोस. मीही मतदानाच्या शनिवारी गावातच मत द्यायला येतेय, कोलिनाआजीच्या घरच्या पत्त्यावर. रांगेत दिसलीस तर ओळख दाखवणार नाही, तूही दाखवू नकोस.

प्रचार बरा चाललाय. लोक दारं उघडतात, पाणी देतात, "तू म्हणतेस ते खरं आहे पोरी" म्हणतात, आणि खाली बघतात. का बघतात ते आता मला ठाऊक आहे, म्हणून मी कुणालाच लाजवत नाही.

तुझी,
एलेनिया


गोझो, ११ जून

एलेनिया, माझ्या पोरी,

एका मताने! पाचवी जागा, कर्टला तुझ्यापेक्षा एक मत जास्त. जोर्जा रडली. मी रडले नाही, मी संतापाने पाव इतका मळला की तो दगडच झाला. या गावात इतक्या जणांनी तुला पसंती दिली, म्हणजे इतक्या जणांनी क्रम मोडला किंवा ज्यांना क्रम नव्हता ते सगळे उठून आले. विस्टिनची माणसं काचेवर बुक्के मारत होती म्हणे. आणि शेवटी एक मत!

तू गप्प आहेस. समजू शकते. पण मला तुला एक विचारायचंय, आणि विचारायची भीती वाटतेय.

काल विस्टिन आला. खजूर भरलेल्या करंज्यांचा खोका घेऊन. माझे दोन्ही गाल चुंबले. म्हणाला, "लोरेता, पाहिलं बरं का तुझं मत! एक कर्ट, दोन लिप्पू, तीन डोरिस, चार डॉक्टरीणबाई. अगदी बिनचूक! तुझ्याच एका मताने माझा पोरगा निवडून आला म्हण ना." आणि साव्हेरचा कागद पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला.

तो गेला तसा मी खोका न उघडताच कोपऱ्यात सरकवला.

मी तुला मत दिलं. मला तुझं नाव आठवतंय, अगदी खाली होतं. पेन्सिल बोथट होती तेही आठवतंय. साव्हेरला विचारलं, तो मेरीमातेची शपथ घेऊन म्हणतो की त्याने त्याला दिलेला क्रमच लिहिला, माझा नाही. मग तो कागद कुणाचा? एलेनिया, माझ्या हाताने दगा दिला का? सातदा म्हणून घेतलेलं, त्याआधी पन्नास वर्षांची सवय. डोक्यात तू होतीस आणि हाताने पाठ केलेलंच लिहिलं, असं होतं का गं माणसाचं? मी लेस विणताना हल्ली बघितलं, बोटं मी न सांगताच चालतात. तसंच झालं असेल तर तुला मीच पाडलं. मला खरं सांग. मी म्हातारी झाले म्हणून लपवू नकोस.

लोरेता


हमरून, १५ जून

मावशीआजी,

तुझ्या हाताने काहीही दगा दिलेला नाही. मी सांगणार नव्हते, पण तू स्वतःच्या बोटांना दोष देत बसलीयस हे मला सहन होणार नाही.

तो कागद माझा होता.

तुझं मेचं पत्र आलं त्याच दिवशी ठरवलं. तुझा क्रम मला पाठ झाला होता, तूच लिहून दिला होतास. तू मला मत देणार आणि साव्हेरमामा घरी बसणार, हे मी कसं बघू? म्हटलं, वहीत तो क्रम एकदा दिसला म्हणजे झालं, लिहिणारा हात कुणाचा ते काचेतून दिसत नाही. मग तू मोकळी. मी आत गेले. माझं नाव खाली होतं. मी कर्टच्या पुढे एक टाकला. लिप्पूपुढे दोन. तिसऱ्याला थांबले, कारण मलाही तीन आणि चार उलटं होत होतं.

मला वाटलं होतं, मी पडले तर साठ-सत्तर मतांनी पडेन. आपलं एक मत कुठे मोजायचं? मी, जी घरोघर सांगत फिरले की प्रत्येक मत मोजलं जातं!

पश्चात्ताप होतो का? साव्हेरमामाचा कागद येणार हे आठवलं की होत नाही. कर्टचा फोटो बघितला की होतो. आता तू हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर सगळं फुकट जाईल.

तुझी,
एलेनिया


गोझो, २४ जून

मूर्ख, मूर्ख, मूर्ख पोरी,

तुझं पत्र वाचून मी करंज्यांचा खोका उचलून अंगणात फेकला. तू समोर असतीस तर तुझ्या कानाखाली वाजवली असती आणि मग मांडीवर घेऊन बसले असते.

मी पन्नास वर्षं काय केलं? घरच्या माणसाच्या जिवासाठी माझं मत त्यांच्या हातात दिलं. आणि तू काय केलंस? अगदी तेच! घरच्या माणसासाठी. चांगल्या मनाने. आम्हीसुद्धा सगळे चांगल्या मनानेच करतो गं, म्हणून तर ते इतकी वर्षं बसलेत. विस्टिनला तुझ्या दारात यावंही लागलं नाही. तुला क्रम शिकवला कुणी? मी. माझ्या अक्षरात, चीज पाठवते म्हणून सांगत. मी त्याची वसुली करणारी निघाले. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

कुणाला सांगू नकोस म्हणालीस. मी सगळ्यांना सांगितलं.

काल रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर गर्दी होती. विस्टिन मध्यभागी उभा, पोराला हार घातल्यासारखा मिरवत. मी तिथेच उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "विस्टिन, ते मत माझं नव्हतं! माझा एक नंबर एलेनियाला गेला!" मग साऱ्या गावासमोर माझा क्रम म्हणून दाखवला. एक, दोन, तीन, चार. अजिबात चुकलं नाही. म्हटलं, "हा आता सगळ्या गावाचा. ज्याला हवा त्याने वापरा, आणि बस तू वहीत शोधत!" तुझं नाव मी घेतलं नाही. कुणी लिहिलं ते त्यांना शोधू दे.

विस्टिन पांढराफटक पडला, पण हसला. "म्हातारीला ऊन बाधलंय. साव्हेर, आईला घरी ने. जून अजून संपलेला नाही, बरं का."

साव्हेरला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. वाटलं, आता हा माझा दंड धरून मला ओढत नेणार. तो पुढे आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याचा क्रम म्हणाला. अडखळत, मान खाली घालून, पण चारही नावं. आणि मग म्हणाला, "साहेब म्हणायचं राहिलं, कर्ट."

जोर्जा पलीकडून लिप्पूवर ओरडली, तिनेही तिचा क्रम सांगितला. बस्स. तिघंच. बाकी सगळे आपापले बूट बघत होते. सार्जंटसुद्धा. मला वाटलं होतं सगळा गाव बोलेल. नाही बोलला. पण आज सकाळी पावाच्या दुकानात सार्जंटची बायको माझ्या कानाशी लागून म्हणाली, "लोरेता, पुढच्या वेळी बोलायच्या आधी मला सांग, मीही येते."

कागद आला नाही, येणारही नाही. साव्हेर आज नेहमीच्या वेळी उठला, कपडे केले, आणि मग कुठे जायचंय ते आठवून खुर्चीत बसून राहिला. मला म्हणाला, "आई, आज पाठ दुखत नाहीये." खोटं बोलतो. दुखते. आम्ही बघू काहीतरी. जोर्जाचा नातू परवान्याशिवायच दुकान उघडणार म्हणतो, त्याला बसून काम करणारा माणूस हवाय.

पाच वर्षांनी मी एकोणऐंशीची होईन. असेन किंवा नसेन. तू पुन्हा उभी राहा. आणि त्या दिवशी आत गेलीस की माझा विचार करायचा नाही, साव्हेरचा करायचा नाही, कुणाच्या पाठीचा, पोटाचा, परवान्याचा करायचा नाही. मत स्वतःला द्यायचं.

परत जर आमच्यासाठी दिलंस ना, तर बघच.

तुझी,
लोरेता